यादीतलं तिसरं नाव

तिसरं नाव त्याच्या बायकोचं होतं. मोठ्या बाईंनी ते बाकीच्या नावांसारखंच वाचलं, ना जरा थांबून ना जरा घाईनं, आणि त्या चौथ्या नावाकडे वळल्या. त्यानं डोळे उघडले. प्रार्थनेत डोळे उघडायचे नसतात हे त्याला चौथ्या वर्षी शिकवलं गेलं होतं आणि तेव्हापासून त्यानं ते उघडले नव्हते. आज उघडले तर समोर नुसती वाकलेली डोकी दिसली, रांगांमागून रांगा, टकली, पिकलेली, रुमालानं झाकलेली, आणि त्यातलं एकही हललं नाही. "हे देवा, ज्यांना दुखण्यानं अंथरुणाला खिळवलंय त्यांना तू हात देऊन उठव," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि मंडळी एका आवाजात म्हणाली, "प्रभू, आमची विनंती ऐक." बायकोला पुरून त्या दिवशी तेवीस दिवस झाले होते. याच डोक्यांपैकी सहा जणांनी तिची पेटी खांद्यावर घेतली होती, आणि बाकीच्यांनी एकेक मूठ माती टाकून हात झटकले होते. आता तेच लोक तिला बरं करण्यासाठी देवाला साकडं घालत होते. त्याच्या कानामागून घामाचा एक थेंब कॉलरमध्ये उतरला, आणि एवढ्या थंड दगडी देवळात घाम कसला, असा एक बिनकामाचा विचार त्याच्या मनात येऊन गेला.

उपासना संपल्यावर दारात पाळकसाहेबांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "आज आलात, बरं वाटलं. घरी बसून माणूस खचतं." मंडळीचे चिटणीस दातांचे डॉक्टर होते, समोरच्याचं तोंड बघत बोलायची त्यांना सवय होती. त्यांनी त्याच्या कोपराला हलकेच हात लावला आणि जेवणखाण नीट होतंय ना, असं विचारलं. तो हो म्हणाला. म्हणजे ती गेली हे यांना पक्कं ठाऊक होतं, दारात ठाऊक होतं. आत, दहा पावलांवर, प्रार्थनेला डोकं वाकवलं की ठाऊक नव्हतं. चूक कशी झाली असणार हे त्यानं पायऱ्या उतरता उतरताच ताडलं. आजाऱ्यांची यादी मोठ्या बाई स्वतः लिहीत. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली होती, चष्म्याची भिंगं बाटलीच्या बुडासारखी. शनिवारी पाळकसाहेब त्या यादीवर नजर घालत, घालत म्हणे. शेवटचे सहा रविवार तो बायकोजवळ घरीच होता, ती गेल्यावरही तीन रविवार बाहेर पडला नव्हता. तेवढ्यात कुणीतरी, त्यानं स्पष्ट नको म्हणून सांगितलेलं असताना, तिचं नाव यादीत घुसडलं असणार. आणि ती गेल्यावर काढायचं कुणाच्या डोक्यात आलं नसणार. एकाच नावात दोन अपराध. शिवाय तिसरा, सगळ्यांत मोठा: आपल्या मंडळीत मेलेल्यांसाठी विनंती करत नाहीत. मेलेल्यांबद्दल देवाचे आभार मानायचे आणि गप्प बसायचं. त्यांचा हिशेब तिकडे मिटलेला असतो. यासाठीच तर पूर्वजांनी जुन्या चर्चशी भांडून वेगळी चूल मांडली होती. परत फिरून पाळकसाहेबांच्या कानावर हे घालायला पाऊण मिनिटही लागलं नसतं. तो फिरला नाही.

का फिरला नाही हे त्याला घरी पोहोचेपर्यंत कळलं. तो वजनमापं निरीक्षक होता, नोकरीचं शेवटचं वर्ष चालू होतं, आणि चौतीस वर्षांत त्यानं एक गोष्ट हाडात मुरवून घेतली होती: आधी बोलायचं नाही. गिऱ्हाईक होऊन दुकानात जायचं, किलोभर साखर मागायची, दुकानदार तोलत असताना फळीवरच्या डब्यांकडे बघत राहायचं, पुडी हातात पडू द्यायची, आणि मगच ओळखपत्र काढायचं. आधी तोंड उघडलं की पारड्याखालचं लोहचुंबक निघून जातं, माप सरळ होतं आणि उरतो आपण, विनाकारण संशय घेणारा. मंडळीत त्याला पाठीमागे तराजू म्हणत. हे त्याला माहीत होतं आणि मनातून त्याला ते आवडतही होतं. चिटणीसपद त्याच्याकडे होतं त्या अकरा वर्षांत इतिवृत्तात एक काना इकडचा तिकडे झाला नव्हता. खाडाखोड करायची नाही, एकदा लिहिलं ते लिहिलं, हा नियम त्यानंच घातला होता. तर आता यांना तोलू दे. किती रविवार लागतात बघू. एक, फार तर दोन. मग कुणीतरी, स्त्रीमंडळातली एखादी, दचकून म्हणेलच की अहो, वहिनी तर गेल्या. तोवर मूग गिळून बसायचं. खिशातल्या डायरीत त्यानं त्या रविवारच्या तारखेखाली एक छोटी रेघ मारली. घरात जेवणाच्या टेबलावर तिच्या औषधांच्या बाटल्या तशाच होत्या, आणि रेघ मारताना त्याला एवढं बरं वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटली.

यादीशी त्याचं वैर जुनं होतं. तो दहा-अकरा वर्षांचा असताना त्या यादीत त्याच्या बापाचं नाव होतं. आजारी म्हणून नव्हे. तेव्हाचे पाळक कडक होते, ते आजाऱ्यांची नावं संपली की आवाज एक पायरी खाली आणून म्हणत, "आणि व्यसनाच्या पाशात सापडलेला आमचा बंधू," आणि बापाचं पूर्ण नाव घेत. दोन वर्षं, दर रविवारी. आई शेजारी बसलेली असे, हातमोज्यात तिची बोटं आखडलेली. बाप घरी झोपलेला असे. रविवारच्या शाळेतली पोरं प्रार्थनेनंतर त्याच्याकडे बघून न हसता हसत, आणि शिक्षिका त्याच्या डोक्यावरून उगाच हात फिरवत. त्या दयेचा वास त्याला अजून आठवे, खडूचा आणि कापराच्या गोळ्यांचा. बाप काही सुटला नाही. एका सकाळी न्हाणीघरात पडला आणि यादीतून आपोआप निघाला. तेव्हाच त्यानं ठरवलं होतं, आपल्या घरातलं नाव पुन्हा त्या कागदावर चढू द्यायचं नाही. म्हणून बायकोच्या पोटातली गाठ निघाली, आणि डॉक्टरांनी तिच्यादेखत इंग्रजी बोलायला सुरुवात केली, तेव्हा त्यानं पाळकसाहेबांना जाऊन सांगितलं होतं: घरी या, जरूर या, पण नाव नको. आमचं दुखणं चव्हाट्यावर नको. पाळकसाहेब म्हणाले होते, "वहिनींचीही तीच इच्छा आहे ना?" तो म्हणाला होता, "आमच्या घरात वेगवेगळ्या इच्छा नसतात." हे वाक्य त्याला तेव्हा चांगलं वाटलं होतं. आठ महिने ती आजारी होती, आणि आठ महिने त्यानं ते वाक्य पाळलं.

दोन रविवार गेले, तीन गेले, कुणी दचकलं नाही. उत्तम शुक्रवारी यादी वाचत नाहीत. तीन तास काळं कापड, सात वचनं, आणि कण्हल्यासारखी गीतं. बाहेर आल्यावर काहीतरी चुकल्यासारखं त्याला वाटत राहिलं आणि ते काय हे त्यानं स्वतःला विचारलं नाही. मग पुनरुत्थानाचा रविवार आला. पहाटे सगळी मंडळी देवळामागच्या कबरस्तानात जमली, गारव्यात, हातांत पांढरी फुलं घेऊन. तिची कबर अजून मातीचीच होती. स्त्रीमंडळानं तिच्यावर फुलांचा जाड पट्टा घातला. मोठ्या बाई काठी टेकत आल्या, वाकल्या, आणि मग त्यांना दोघींनी धरून उभं करावं लागलं. "ती उठली आहे, ती झोपलेली नाही," असं काहीतरी कुणीतरी पुटपुटलं. साडेआठ वाजता तेच लोक, बोटांना अजून फुलांचा चीक लागलेला, देवळात बसले, मोठ्या बाईंनी चार घड्यांचा कागद उलगडला आणि तिसरं नाव वाचलं. तिला बरी कर, प्रभू. या वेळी त्याला खरोखरच हसू आलं. ते त्यानं खोकल्यात दडवलं, आणि शेजारच्या म्हाताऱ्यानं डोळे न उघडता त्याच्या गुडघ्यावर थोपटलं. दुःखाचा उमाळा आला असं वाटलं असणार बिचाऱ्याला. हे लोक तासाभरापूर्वी स्वतःच्या हातानं केलेलं विसरतात, त्यानं विचार केला, आणि यांच्या भरवशावर आपण पन्नास वर्षं पाप-पुण्याचं ओझं टाकून बसलो. त्या दिवशी डायरीतली रेघ जरा जास्त दाबून मारली गेली.

पण माणूस जे मोजायला बसतो त्याची त्याला सवय लागते. शनिवारी तो बुटांना पॉलिश करायला लागला, आणि करता करता उद्या काय आहे हे त्याच्या लक्षात असे. रविवारी तो पहिल्या घंटेच्या आधी पोहोचे. गीतं, वाचन, पाळकसाहेबांचा लांबलेला उपदेश, हे सगळं तो आगगाडीची वाट बघावी तसं काढे. मग मोठ्या बाई उठत. पहिलं नाव कुणा म्हातारीचं, दुसरं एका पाय मोडलेल्या लोहाराचं, आणि मग तिचं. एकतीस वर्षांत त्यानं स्वतः ते नाव उच्चारलं नव्हतं. घरात 'अगं' होतं, 'ऐकलंस का' होतं, लोकांत 'आमची' होती. तिचं नाव लग्नाच्या दाखल्यावर होतं, शिधापत्रिकेवर होतं, आणि शेवटी दवाखान्यातल्या खाटेच्या पाटीवर होतं. आता आठवड्यातून एकदा, भरल्या देवळात, एक म्हातारा, कोरडा, शाळेतल्या हजेरीसारखा आवाज ते नाव घेत होता, आणि त्याला वाटे की कुणीतरी 'हजर' म्हणेल. हे त्याला आवडत होतं. त्याला कबूल करायचं नव्हतं, पण ते खरं होतं. एखाद्या रविवारी समोरच्या बाकावरची बाई ते नाव ऐकून जरा हलली की त्याच्या छातीत धस्स होई: सापडली वाटतं चूक. मग ती बाई नुसती रुमाल शोधत असे, आणि त्याचा जीव भांड्यात पडे. पकडायचं होतं आणि पकडलं जाऊ नये असंही वाटत होतं. असा निरीक्षक त्यानं स्वतः बडतर्फ केला असता. लेकीचा दूरच्या शहरातून दर आठवड्याला फोन येई. एकदा त्यानं तिला सांगून टाकलं. "तुझ्या आईचं नाव अजून वाचतायत. आजाऱ्यांत." लेक म्हणाली, "वाचू दे ना बाबा." "अगं, चूक आहे ती." "असू दे. तुम्हाला काय त्रास आहे त्याचा?" "त्रासाचा प्रश्न नाही. हे लोक ऐकत नाहीत, हा प्रश्न आहे." "बाबा, आई आजारी होती तेव्हा तरी कुठे काय—" एवढं म्हणून तिनं विषय बदलला आणि हवेचं विचारलं. तेव्हा काय, हे त्यानं विचारलं नाही.

उन्हाळ्यात देवळाच्या छपरावरची कौलं उतरवली, भिंतींना चुना दिला, आणि दोन महिने सगळ्यांच्या रविवारच्या कपड्यांवर पांढरे डाग पडत राहिले. लोहाराचा पाय बरा झाला आणि त्याचं नाव निघालं. म्हणजे यादी कुणीतरी बघत होतं, जिवंत माणसांपुरती का होईना. म्हातारी गेली, तिचंही नाव त्याच आठवड्यात निघालं; दोघांच्या जागी दुसरी नावं आली, तिसरं तेच राहिलं. तेव्हा तो जरा विचारात पडला. पण मग त्यानं स्वतःची समजूत घातली: म्हातारीला नऊ मुलं, चार जावई, ते येऊन सांगणार, आपल्यासाठी सांगायला कोण आहे? सुगीच्या सणाला वेदीपुढे भोपळे, कोबी, धान्याची पोती यांचा ढीग लागला आणि उपासनेनंतर अंगणात विक्री झाली. दरवर्षीप्रमाणे तोलायला तो. घरून आणलेली पितळी वजनं मखमलीच्या खोक्यातून कातड्याच्या तुकड्यानं धरून काढायची, कारण बोटांचा घामसुद्धा वजनात भर घालतो; दरवर्षीप्रमाणे लोक हसले, "तराजूसमोर तराजू," आणि दरवर्षीप्रमाणे त्याला ऐकू गेलं नाही. केकच्या टेबलाशी एक बाई म्हणाली, "वहिनी असत्या तर आज इथं त्यांचा केक असता. गेल्या आणि सणाची चवच गेली." तो भोपळा तोलत होता, साडेतीन किलो. नऊ वाजता जिला बरी कर म्हणालात, तिची अकरा वाजता आठवण काढताय, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. त्यानं भोपळा उचलून गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकला.

आणि तरीही त्याला वाटत होतं की नोव्हेंबर आला की यांचं बिंग फुटणार. त्या महिन्यातल्या एका रविवारी, सरत्या वर्षात प्रभूनं ज्यांना नेलं त्यांची नावं पाळकसाहेब वेदीवरून वाचतात, एकेका नावाला एकेक मेणबत्ती, आणि मंडळी उभं राहून आभार मानते. विनंती नव्हे, नुसते आभार. पाच नावं होती. चौथं तिचं. मेणबत्ती पेटवायला त्याला पुढं बोलावलं. काडी दोनदा विझली, तिसऱ्यांदा दातांच्या डॉक्टरांनी आपल्या लायटरनं पेटवून दिली. तो जागेवर येऊन बसला. ज्योत अजून नीट उभी राहिली नव्हती, एवढ्यात मोठ्या बाई उठल्या, कागद उलगडला, आणि त्याच देवळात, त्याच मेणबत्तीच्या उजेडात, तिसरं नाव वाचलं. पंधरा मिनिटांत एकच बाई मेली आणि आजारी पडली. त्यानं डोळे उघडून मुद्दाम एकेका डोक्याकडे पाहिलं. एकही हललं नाही. फक्त पाळकसाहेबांनी, त्याला वाटलं, डोळे घट्ट मिटले होते, लहान मूल मिटतं तसे. त्या क्षणी तो आनंद, ते नाव ऐकण्याचं सुख, सगळं नासलं. यांना ती कधी दिसलीच नव्हती. तीस वर्षं हिनं यांचे केक भाजले, वेदीवरची कापडं धुतली, आणि यांना ती जिवंत असो की मेलेली, एका ओळीचा फरक पडत नव्हता. पुरावा पूर्ण झाला होता. आता पंचनामा. नाताळ त्यानं कसाबसा काढला. गाणारे घरी आले तेव्हा दार उघडून उभा राहिला, त्यांच्या हातावर बिस्किटं ठेवली, आणि मनात वार्षिक सभेतलं भाषण जुळवत राहिला.

सभा फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, उपासनेनंतर, मंडळीच्या हॉलमध्ये. लोखंडी खुर्च्या, चहाची मोठी किटली, अध्यक्षस्थानी पाळकसाहेब, लिहायला दातांचे डॉक्टर. मागचं इतिवृत्त मंजूर, छपराचं निवेदन मंजूर, रविवारच्या शाळेला नवा फळा हवा. मग "अध्यक्षांच्या परवानगीनं आयत्या वेळचे विषय." तो उभा राहिला. डायरी त्याच्या हातात होती. "सत्तेचाळीस रविवार," तो म्हणाला, आणि आपला आवाज चांगला लागला आहे हे त्याला जाणवलं. "सत्तेचाळीस रविवार मी या मंडळीत बसून एका मेलेल्या बाईला बरं करण्याची प्रार्थना ऐकली. ती बाई माझी बायको. तिला तुम्हीच पुरलंत. ईस्टरला तिच्या कबरीवर फुलं वाहिलीत, नोव्हेंबरात तिची मेणबत्ती लावलीत, आणि तरी एकाच्याही लक्षात आलं नाही. मी मुद्दाम बोललो नाही. मला बघायचं होतं इथं कुणी ऐकतं का. कुणी ऐकत नाही. प्रार्थना जिवंतांसाठी असते हे आपल्या लेकरांना पाठ आहे. आपण मेंढरांसारखे माना डोलावतो. हे इतिवृत्तात यावं, असं माझं म्हणणं आहे." तो बसला नाही. आता जे होईल ते उभ्यानं बघायचं त्यानं ठरवलं होतं: आधी दचकणं, मग कुजबुज, मग शरमेनं खाली गेलेल्या नजरा. दचकलं कुणीच नाही. नजरा खाली गेल्या, पण त्या शरमेच्या वाटेनात. किटलीजवळच्या बाईनं कप खाली ठेवला आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मोठ्या बाई उठल्या नाहीत, बसूनच बोलल्या. "चुकून नाही वाचत मी. मला अजून दिसतं तेवढं."

"म्हणजे?"

"मी तिला बघायला आले होते, आठवतंय? ऑक्टोबरात. तुम्ही चहा करायला आत गेलात. तेव्हा ती म्हणाली, बाई, माझं नाव का हो घेत नाही कुणी? सगळ्यांचं घेता. मी म्हटलं, यांना विचारते. जाताना दारात विचारलं तुम्हाला. तुम्ही काय म्हणालात ते तुम्हाला आठवत असेल."

त्याला आठवत होतं. आमचं आम्ही बघू.

"मी घाबरले," मोठ्या बाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं मुलींना खरं बोला म्हणून शिकवलं, आणि तुमच्या एका वाक्याला घाबरले. पुन्हा तिच्याकडे जायचं तोंड राहिलं नाही. ती गेली. तिला पुरून आलो त्या रविवारी मी तिचं नाव घेतलं. म्हटलं, वर्षभर घेईन. उशीर झाला तर झाला. ज्या दिवशी तुम्ही परत आलात, तेव्हाही घेतलं. वाटलं, आता हे उठतील. तुम्ही उठला नाहीत."

"पुढच्या रविवारीही नाही," दातांचे डॉक्टर त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाले. "मग आम्हाला वाटलं, तुम्हाला चालतंय. आपसांत ठरलं, यावर कुणी बोलायचं नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं आम्हाला. म्हटलं, दादांनी एकदा तरी एखादी गोष्ट सोडली."

तो पाळकसाहेबांकडे वळला. "आणि तुम्ही? तुम्ही यादी बघता."

"बघतो. आजवर मी नुसतं ऐकत होतो," पाळकसाहेब सावकाश म्हणाले. "आज मला सांगण्यात आलं. सभेत, उभं राहून. यात फरक आहे हे तुमच्याइतकं कुणाला कळतं? इतिवृत्त वरच्या कचेरीत जातं. आता मला ते थांबवावं लागेल."

"दोनच रविवार राहिले होते," किटलीजवळची बाई कुणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली.

"मी विषय मागे घेतो," तो म्हणाला. आवाज मघासारखा लागला नाही. दातांच्या डॉक्टरांनी वहीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "लिहून झालंय, दादा. खोडायचं का?" खोडायचं नाही हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि कुणी शिकवलं हेही. "सूचक म्हणून तुमचं नाव घालतो," डॉक्टर म्हणाले, जवळजवळ मायेनं, दात काढताना पेशंटशी बोलावं तसं. अनुमोदनाला एकही हात वर आला नाही. पाळकसाहेब म्हणाले की त्याची गरज नाही, आणि आशीर्वाद देऊन सभा संपली. हात दाखवून अवलक्षण, असं म्हणायची माणसं तिथं होती, पण कुणी म्हणालं नाही. कुणीतरी त्याला चहा आणून दिला.

घर देवळापासून दोन गल्ल्यांवर. त्या आठवड्यात तो कामावर गेला, एका रॉकेलच्या दुकानात मापं तपासली, शिसं ठोकलं, शिक्के मारले, आणि घरी येऊन तिच्या पलंगाच्या कडेला बसत राहिला. आजारपणाच्या सुरुवातीला, तो अजून देवळात जात असताना, ती खिडकी उघडी ठेवायला सांगे. गीतं तिथवर ऐकू येत, प्रार्थना येत नसे. तो परत आला, कोट काढला, की ती विचारी, "आज कुणाकुणाची नावं घेतली?" दर रविवारी विचारी. त्याला वाटे, पडून पडून माणसाला दुसऱ्याच्या दुखण्याची चौकशी लागते. बायकांना तर जास्तच. त्याची स्मरणशक्ती चांगली होती. तो क्रमानं सगळी नावं सांगे, एकही न गाळता, आणि ती छताकडे बघत ऐके, आणि शेवटचं नाव झालं की थोडं थांबून म्हणे, "बस, एवढीच?" तो म्हणे, "एवढीच." कधी कधी तो वर म्हणे, "का, कमी वाटली तुला?" आणि ती हसे. तेवीस रविवार त्यानं तिला ती यादी म्हणून दाखवली होती. एकदासुद्धा, त्या तेविसांतल्या एकासुद्धा रविवारी, खोटं का होईना, चारदोन नावांत तिचं एक नाव मिसळायला त्याला काय झालं होतं? त्यानं ते नाव आता म्हणून बघितलं, रिकाम्या खोलीत, मोठ्यानं. ते त्याच्या तोंडात बसलं नाही, सवयच नव्हती. त्यानं पुन्हा म्हटलं, आणि मग उशीत तोंड घालून तो रडला, बराच वेळ, सत्तावन्न वर्षांचा सरकारी माणूस, बुटांसकट.

रविवारी जाऊ नये असं त्याला वाटत होतं. न जाणं म्हणजे रुसणं, म्हणून गेला. लोकांनी नेहमीइतपतच मान हलवली. गीत, वाचन, उपदेश. त्यातलं काही त्याच्यापर्यंत पोहोचलं नाही. मोठ्या बाई काठी बाकाला टेकवून उठल्या आणि त्यानं डोळे मिटले. आज ते नाव येणार नाही एवढं त्याला ठाऊक होतं, ते न येणं कसं लागेल याची त्यानं आठवडाभर तयारी केली होती, दात उपटायच्या आधी जीभ फिरवून ठेवावी तशी. पहिलं नाव एका न्हाव्याचं, दम्यानं बेजार. दुसरं एका बाळंतिणीचं. मग कागद जरा सरसरला आणि बाईंनी तिसरं नाव वाचलं. ते त्याचं होतं. पूर्ण, बापाच्या नावासकट, ना जरा थांबून ना जरा घाईनं. त्याचं रक्त कानांत चढलं. उठावं, हरकत घ्यावी, असं त्याचे गुडघे म्हणाले, आणि त्यानं सवयीनं नियम शोधला. नियम नव्हता. यादीत नाव घालायला डॉक्टरचा दाखला लागत नाही. माणूस जिवंत असला की पुरे. प्रार्थना जिवंतांसाठी असते, हे इतिवृत्तात त्याच्याच नावावर होतं. त्यानं डोळे उघडले. सगळी डोकी वाकलेली होती, एकही हललं नाही, आणि आज त्याला पक्कं कळत होतं की त्यातलं प्रत्येक डोकं ऐकतंय. "दुखण्यानं ज्यांना खिळवलंय त्यांना तू हात देऊन उठव," मोठ्या बाई म्हणाल्या. "प्रभू, आमची विनंती ऐक," मंडळी म्हणाली. त्यात त्याचा आवाज नव्हता, आणि त्याच्यावाचून काही अडलं नाही.